कोणता तारा फुटतो आणि कोणता नुसताच विझतो?

(विठ्ठलवाडी येथे जानेवारीतल्या एका संध्याकाळी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? मधे गाडी गेली की मी थांबेन. स्टेशन जवळ आहे, त्याला इलाज नाही.

आत येण्याआधी मी पाच मिनिटं बाहेर उभी राहून वर बघत होते. एका बाजूला कल्याणचे दिवे, दुसऱ्या बाजूला उल्हासनगरचे, त्यात हवेतली धूळ. इथून आकाश म्हणजे पांढुरकं छत झालंय. पण मृग नक्षत्र तरीही दिसतं. आपल्या गोष्टीत ते हरीण आहे: चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे पाय, मधले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि खाली तेजस्वी व्याध, तो शिकारी. त्या चार पायांपैकी एक नीट बघितला तर तांबूस दिसतो. तो काक्षी. इंग्रजी नाव बीटलज्यूस.

२०१९ च्या डिसेंबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत हा तारा अचानक मंद झाला होता, आठवतंय का? नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं की काक्षी आता फुटणार, रात्री दोन चंद्र दिसणार. मला रोज कोणीतरी विचारायचं. नंतर कळलं की ताऱ्याने अंगावरचा थोडा वायू बाहेर फेकला होता, त्याची धूळ झाली, आणि ती धूळ आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आली. फुटणं वगैरे काही नव्हतं. पण तेव्हा मी प्रत्येकाला एक वाक्य सांगायचे: "आत्ता नाही, पण कधीतरी तो फुटणार हे नक्की."

आज मी इथे आले आहे ती या वाक्यातला "नक्की" हा शब्द परत घ्यायला.

शाळेत, कॉलेजात आपण काय शिकलो? तारा जन्मताना किती जड होता यावर त्याचा शेवट ठरतो. सूर्याच्या साधारण ८ पटींहून हलका असेल तर बाहेरचे थर हळूहळू उडून जातात आणि श्वेतबटू उरतो. आपल्या सूर्याचं तेच होणार. ८ पटींहून जड असेल तर अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. वीस-पंचवीस पटींपर्यंत मागे न्यूट्रॉन तारा उरतो, त्याहून जड असेल तर कृष्णविवर. फळ्यावर एक रेघ मारायची, त्यावर आकडे टाकायचे, झालं. मी स्वतः कित्येक वर्षं ही रेघ मारत आले. (अतिनवताऱ्यांचा आणखी एक प्रकार आहे, त्यात श्वेतबटू फुटतो. तो विषय वेगळा, आज बाजूला ठेवू.)

रेघेचं खालचं टोक, ते ८, ते बऱ्यापैकी टिकलंय. गडबड आहे ती वरच्या बाजूला.

आधी ताऱ्याच्या पोटात काय चालतं ते बघू. सूर्याच्या विसेक पट जड तारा घ्या. हायड्रोजन जाळून हेलियम करायला त्याला सुमारे ८० लाख वर्षं लागतात. मग हेलियम जाळून कार्बन आणि ऑक्सिजन, त्याला दहा-बारा लाख वर्षं. पुढे घाई सुरू होते. कार्बन हजारेक वर्षांत संपतो, निऑन आणि ऑक्सिजन वर्षभराच्या हिशेबात, आणि सिलिकॉन आठवड्या-दीड आठवड्यात. एकात एक कांद्यासारखे पापुद्रे तयार होतात आणि अगदी मधे लोखंडाचा गाभा. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट झालं, म्हणजे ज्याला आपण चंद्रशेखर मर्यादा म्हणतो तिच्या आसपास गेलं, की तो स्वतःचं ओझं पेलू शकत नाही. काही हजार किलोमीटरचा गोळा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरचा होतो. तिथे अणूंची केंद्रकं एकमेकांना भिडतात, पदार्थ आणखी दबत नाही, आणि आत पडणारा माल उसळी मारून मागे येतो. एक धक्क्याची लाट बाहेर निघते.

आता सगळ्यांना वाटतं की ही लाट बाहेर आली म्हणजे स्फोट झाला. तसं होत नाही. लाट शे-दीडशे किलोमीटरवर जाऊन अडकते. का अडकते, हे समजायला विठ्ठलवाडीच्या लोकांना भौतिकशास्त्र शिकवायला नको.

संध्याकाळी साडेसातची बदलापूर लोकल. तुम्हाला कल्याणला उतरायचंय. गाडी थांबायच्या आतच चढणाऱ्यांचा लोंढा आत घुसतो. तुम्ही बाहेर ढकलताय, ते आत ढकलतायत, आणि तुम्ही दारातच अडकलात. तुमचं वजन किती यावर तुम्ही उतराल की नाही हे ठरतं का? थोडंफार. पण खरं ठरतं ते दोन गोष्टींवर: मागून तुम्हाला रेटा किती आहे आणि फलाटावरची गर्दी किती दाट आहे. मधेच गर्दी एकदम विरळ झाली, दोन घोळक्यांमधे फट पडली, की तुम्ही सटकन बाहेर पडता. ती फट वेळेवर आली नाही तर गाडी सुटते आणि तुम्ही विठ्ठलवाडीला पोचता.

(हशा)

ताऱ्यात मागून रेटा देतात ते न्यूट्रिनो. कोसळणाऱ्या गाभ्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यातली ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. ते सहसा कशाला अडत नाहीत, पण इथे घनता इतकी प्रचंड असते की त्यातले थोडे अडतात आणि लाटेला मागून तापवत राहतात. समोरून पडणारे ऑक्सिजनचे, सिलिकॉनचे थर म्हणजे चढणारी गर्दी. दोन पापुद्र्यांच्या सीमेवर घनता एकदम घसरते, ती फट. फट वेळेवर आली तर तारा फुटतो. नाही आली तर माल पडतच राहतो, गाभा जड होत जातो, आणि त्याचं कृष्णविवर होतं.

म्हणजे प्रश्न बदलला. तारा किती जड आहे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे की शेवटच्या दिवशी त्याच्या पोटातले पापुद्रे कसे रचले गेले आहेत. आणि गंमत अशी की ही रचना वस्तुमानाबरोबर सरळ वाढत नाही. कार्बन जळताना आत वायू ढवळला जातो की नाही, कोणता थर केव्हा पेटतो, यावर ती पुढे-मागे होते. २०१६ मधे कॅलिफोर्नियात वूस्ली आणि सुखबोल्ड यांच्या गटाने वेगवेगळ्या वजनाचे शेकडो तारे संगणकात जन्माला घालून मारून बघितले. १५ पटींपर्यंतचे जवळजवळ सगळे फुटले. त्यापुढे बेटं-बेटं दिसली: २२ ते २५ मधले बहुतेक फुटेनात, मग २५-२७ च्या आसपास पुन्हा काही फुटले, त्यावर पुन्हा नाही. पूर्ण त्रिमितीत गणित करणारे दुसरे काही गट ही बेटं वेगळ्या जागी दाखवतात, आणि ज्यांना हे "फुटणार नाहीत" म्हणतात त्यातले काही ते फोडून दाखवतात. पण फळ्यावरची ती एक सरळ रेघ आता कोणीच मारत नाही.

संगणकाचं झालं. प्रत्यक्ष आकाशात कसं तपासायचं? आपल्या आकाशगंगेत शतकात एखाद-दुसरा अतिनवतारा होतो असा अंदाज आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसलेला इथला शेवटचा १६०४ मधला. तेवढ्यावर वाट बघत बसता येत नाही. म्हणून दुसऱ्या दीर्घिकांकडे बघायचं.

पद्धत फार साधी आहे, एखाद्या घरातला जुना अल्बम काढावा तशी. अतिनवतारा दिसला की त्याच जागेचे आधीचे, स्फोटापूर्वीचे फोटो शोधायचे. हबल दुर्बिणीमुळे जवळच्या कित्येक दीर्घिकांचे असे फोटो पडून आहेत. त्या जागी कोणता तारा होता ते बघायचं. मग काही वर्षं थांबायचं, स्फोटाचा उजेड विझू द्यायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. तो तारा आता नसेल तर तोच गेला.

याची सुरुवात चांगलीच झोंबणारी होती. २३ फेब्रुवारी १९८७. आपल्या शेजारच्या मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, अतिनवतारा दिसला. जपान, अमेरिका आणि रशिया इथल्या उपकरणांनी मिळून दोन डझन न्यूट्रिनो पकडले, म्हणजे गाभा कोसळण्याचं गणित बरोबर होतं. पण जुन्या फोटोत जो तारा सापडला तो निळा! सगळ्यांची अपेक्षा होती की फुटणारा तारा लाल, फुगलेला असेल. आज बहुतेकांचं मत असं की तिथे मुळात दोन तारे होते आणि स्फोटाच्या सुमारे २० हजार वर्षं आधी ते एकमेकांत मिसळले. हा जोडीचा मुद्दा लक्षात ठेवा. सूर्याच्या पंधरा-वीस पटींहून जड ताऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी देवाणघेवाण करतात. एकट्या ताऱ्याची रेघ इथेही तुटते.

२००९ पर्यंत असे वीस अतिनवतारे जमले होते. बेलफास्टचे स्टीफन स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांचा हिशेब मांडला. फुटलेले लाल महाराक्षसी तारे जन्मतःचे किती जड होते? खालचं टोक ८ च्या आसपास, पुस्तकात होतं तसंच. वरचं टोक मात्र १६-१७ वरच थांबलं. आपल्या आकाशगंगेत आणि शेजारी २५ पटींपर्यंतचे लाल महाराक्षसी तारे जिवंत दिसतात. मग ते मरताना का दिसत नाहीत? १७ ते २५ मधली माणसं गावात फिरताना दिसतात, पण त्यांची अंत्ययात्रा कोणी पाहिलेली नाही!

यावर वाद आहे, आणि तो तुम्हाला सांगितला पाहिजे. मरणारा तारा स्वतःच धूळ सोडतो. धुळीमागून तो मंद दिसतो, मंद म्हणून हलका वाटतो. काही जणांनी हिशेब दुरुस्त केला तर वरचं टोक १९ च्या आसपास सरकलं, आणि अनिश्चितता इतकी मोठी निघाली की "हरवलेले" तारे खरंच हरवलेत का हेच सांगता येईना. वीस-पंचवीस उदाहरणांवर संख्याशास्त्र फार ताणता येत नाही.

ताजं उदाहरण देते. १९ मे २०२३ ला जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. अंतर फक्त २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या धंद्यात शेजारच्या गल्लीत. पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था लडाखमधे हानले इथे जी ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण चालवतात, तिनेही त्याचा पाठपुरावा केला. जुने फोटो उत्तम होते. धुळीत गुरफटलेला, साधारण हजार दिवसांच्या चक्रात तेज कमी-जास्त करणारा लाल तारा सापडला. त्याचं वजन? एक गट म्हणाला १० च्या आसपास, दुसरा म्हणाला २० च्या आसपास. सगळे तज्ज्ञ, फोटो तेच. मला ही गोष्ट सांगायला आवडते, कारण यातून कळतं की अडचण दुर्बिणीत कमी आणि धुळीत जास्त आहे.

आता उलट बाजूने या. तारे गुपचूप जात असतील तर त्यांना रंगेहाथ पकडायचं कसं? ओहायोचे क्रिस्तोफर कोचानेक यांनी २००८ मधे सुचवलं की स्फोट शोधूच नका, गायब झालेले तारे शोधा. जवळच्या दीर्घिकांमधले दहा लाख महाराक्षसी तारे नजरेखाली ठेवायचे आणि कोणता नाहीसा होतो ते बघायचं. अ‍ॅरिझोनातल्या ८.४ मीटरच्या दोन आरशांच्या दुर्बिणीवर २७ दीर्घिकांची ही हजेरी सुरू झाली. एनजीसी ६९४६ मधे एक विद्यार्थी गैरहजर निघाला. सूर्याच्या सुमारे २५ पट वजनाचा तारा. २००९ मधे तो काही महिने दहा लाख सूर्यांइतका उजळला, मग विझत गेला, आणि नंतर हबलला त्या जागी दृश्य प्रकाशात काहीच दिसलं नाही. ज्या दीर्घिकेत शंभर वर्षांत दहा अतिनवतारे दिसले, जिला फटाक्यांची दीर्घिका म्हणतात, तिथेच हा बिनआवाजाचा मृत्यू. जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मधे तिथे अवरक्त प्रकाश सापडला, त्यामुळे काही जण म्हणतात की दोन तारे मिसळून धुळीत लपलेत. देवयानी दीर्घिकेतही अलीकडे असाच एक तारा विझताना सापडला आहे. दोन उमेदवार. निकाल लावायला थोडे, पण हसण्यावारी न्यायला जास्त.

यात आपला काय संबंध? तुमच्या शरीराच्या वजनात सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन आहे. तो जड ताऱ्यांनी केला. १५ पट वजनाचा तारा फुटला तर एका सूर्याहून कमी ऑक्सिजन बाहेर पडतो, २५ पटींचा फुटला तर तीन सूर्यांइतका. पण २५ पटींचे न फुटताच कृष्णविवरात जात असतील तर तो सगळा ऑक्सिजन त्यांच्यासोबत गडप. मग विश्वातल्या ऑक्सिजनचा हिशेब कोणी भरला? कोण फुटतं हा प्रश्न असा घरापर्यंत येतो.

आता तुमच्या रस्त्यावरचं सांगते. कल्याणहून मुरबाड, मग माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, तिथून नारायणगाव. पावसाळ्यात धबधबे बघायला तुमच्यातले निम्मे घाटापर्यंत जाऊन आलेले असतील. पुढे नारायणगावच्या, म्हणजे तमाशाच्या पंढरीच्या, जवळ खोडद आहे. तिथे जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. द्राक्षांच्या मळ्यांमधून त्या दिसतात.

रेडिओ दुर्बिणीचा इथे काय उपयोग? लाल महाराक्षसी तारा मरण्याआधी हजारो वर्षं वारा सोडत असतो, सेकंदाला साधारण १० किलोमीटर वेगाने. स्फोटाचा माल निघतो सेकंदाला १० हजार किलोमीटरने. हजारपट वेगवान. म्हणजे स्फोटानंतर एका वर्षात तो जिथे पोचतो तिथला वारा ताऱ्याने हजार वर्षांपूर्वी सोडलेला असतो. दहा वर्षांनी दहा हजार वर्षांपूर्वीचा. या धडकेतून रेडिओ लहरी निघतात. तुम्ही नुसतं ऐकत राहा, मेलेल्या ताऱ्याचं चरित्र उलट्या क्रमाने वाचून दाखवलं जातं. कमी वारंवारतेच्या लहरी त्या वाऱ्यात आधी शोषल्या जातात आणि उशिरा बाहेर पडतात, आणि कमी वारंवारता हीच खोडदची खासियत.

२८ मार्च १९९३ ला एम ८१ दीर्घिकेत, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, एक अतिनवतारा दिसला होता. फुटलेल्या ताऱ्याचा हायड्रोजन जोडीदाराने बराचसा ओरबाडून नेला होता. जोडीदार नंतर, २००४ मधे, दिसला. सुमारे ३२०० दिवसांनी पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी जीएमआरटी आणि अमेरिकेतली व्हीएलए, दोन्हींची जवळपास एकाच वेळची निरीक्षणं जोडली. कमी आणि जास्त वारंवारता एकत्र ठेवल्यावर आलेख एका जागी वाकलेला दिसला, आणि त्या वाकण्यावरून स्फोटाच्या ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र थेट काढता आलं, नेहमीची गृहीतकं न धरता. म्हणजे ऐकलेल्या आवाजावरून आता वारा किती दाट होता हे जास्त भरवशाने सांगता येतं, आणि वाऱ्यावरून तारा कसा होता हे. अर्थात जो तारा न बोलता गेला त्याचं खोडदलाही काही ऐकू येत नाही. ती मर्यादा आहेच.

बोला, कोणाचे प्रश्न?

(प्रश्न: मॅडम, मग काक्षी फुटणार की नाही?)

या प्रश्नाचीच वाट बघत होते. काक्षीचं जन्माचं वजन १८ ते २१ पट असावं असा एक चांगला अंदाज आहे. म्हणजे नेमका त्या वादग्रस्त पट्ट्यात! सध्या तो हेलियम जाळतोय, एक लाख वर्षं तरी हातात आहेत. पैज लावायची तर मी फुटेल यावर लावीन, पण घर गहाण टाकणार नाही. ज्येष्ठा, वृश्चिकेतला तो लाल तारा, बहुतेक अंदाजांनुसार हलका आहे. त्याच्यावर मी जास्त पैसे लावीन.

(प्रश्न: फुटला तर आपल्याला धोका?)

नाही. तो पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे. दिवसा दिसेल, रात्री सावली पडेल, एवढंच.

(प्रश्न: आणि नाही फुटला तर? इथून काय दिसेल?)

पहिली बातमी जपानच्या भूमिगत टाक्यांमधून येईल, कारण गाभा कोसळताना न्यूट्रिनो तर सुटणारच, स्फोट होवो न होवो. ते निघून गेले की ताऱ्याचं वस्तुमान किंचित कमी होतं, बाहेरचा सैल थर सुटतो आणि हळूच पसरतो. काही महिने, फार तर वर्षभर, काक्षी आजच्यापेक्षा जास्त तेजस्वी आणि आणखी लाल दिसेल. मग उतरत जाईल. एखाद्या जानेवारीत कोणीतरी विठ्ठलवाडीच्या गच्चीवर येईल, व्याध सापडेल, बाण सापडेल, आणि हरणाला तीनच पाय दिसतील.

चला, नऊ चौदाची गाडी बऱ्याच जणांना पकडायची असेल. बाहेर पडताना मृग पूर्वेकडून बराच वर आलेला असेल, दिव्याच्या खांबाकडे पाठ करून बघा.